जुन्या पीसीत नवं लिनक्स

३ फेब्रुवारी
सतरा तारखेला लेकीची ऑनलाइन मुलाखत. घरच्या जुन्या पीसीवरच देणार. तसा तो चालतो, पण रडतखडत. बटण दाबून चहा टाकावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडदा उजळतो. मेहुणा म्हणाला, माझा लॅपटॉप देतो आणून. म्हटलं, काही गरज नाही, जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकतो. फुकट, आणि म्हाताऱ्या मशीनलाही पळवतं म्हणे. रिटायर झाल्यापासून घरात मला कोणी काही विचारत नाही. आता विचारतील.

५ फेब्रुवारी
लिनक्सचे प्रकार ढीगभर. त्यातलं सगळ्यात नवं, सगळ्यात देखणं निवडलं. बायको म्हणाली, जुनी सिस्टिम राहू दे की बाजूला, असली तर बिघडलं कुठे? इन्स्टॉलरनेही नेमकं तेच विचारलं. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. 'सगळं पुसून टाका' दाबलं. निर्णय घ्यायला धमक लागते.

६ फेब्रुवारी
लागलं! पडदा काय सुंदर! माउस हलवला की बाण जरा विचार करून हलतो, एवढंच. लेकीने ब्राउझर उघडला आणि पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. मग सगळंच गोठलं. दोष लिनक्सचा नाही, ब्राउझरचा. खरं तर ब्राउझरचाही नाही, हल्लीच्या वेबसाइटींचा.

९ फेब्रुवारी
सगळं काढून हलकं लिनक्स टाकलं. पीसी पळतोय! फक्त वायफाय दिसत नाही. वायफायला ड्रायव्हर हवा, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर इंटरनेटवर. इंटरनेटला वायफाय हवं. च्यायला!
जुनी सिस्टिम परत टाकावी, तर तिची सीडी मीच रद्दीत दिलेली, जागा अडते म्हणून. मागची वाट बंद, पुढची दिसत नाही. घरच्यांना सांगितलं, फायनल टेस्टिंग चालू आहे.

१२ फेब्रुवारी
मोबाइलवरून लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. एकाने लिहिलं, आधी मॅन्युअल वाचा. उद्धट! दुसऱ्याने विचारलं, जुनी सिस्टिम पुसलीत कशाला? याला काय करायचंय? तिसरा सज्जन निघाला. म्हणाला, मोबाइल केबलने पीसीला जोडा. जोडला. इंटरनेट आलं! एकट्यानेच टाळ्या पिटल्या.
आता कॅमेऱ्यात सगळे हिरवे दिसतात. लेक हळूच म्हणाली, बाबा, राहू द्या ना, मी मामाला सांगते. विचारलं, बापावर विश्वास आहे की नाही? ती कॅमेऱ्याची काच पुसायला लागली. म्हणजे आहे.

१६ फेब्रुवारी
मेहुणा लॅपटॉप ठेवून गेला. असू दे जवळ, म्हणाला. मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हिरवा रंग कालपेक्षा फिका आहे.

१७ फेब्रुवारी
सकाळी वाटलं, एक अपडेट मारलं की कॅमेरा ताळ्यावर येईल. मारलं. पडद्यावर आलं, 'पूर्ण होईपर्यंत बंद करू नका'. होईचना. शेवटी मुलाखत हॉलमध्ये सुरू झाली, मेहुण्याच्या लॅपटॉपवर. मी आतल्या खोलीत, दार लावून. पंखा भणभणतोय. बायको दारातून डोकावून दबक्या आवाजात म्हणाली, अहो, ते धूड बंद करा, त्या लोकांना ऐकू जातंय! बंद करावं तर मुसळ केरात. तसंच ठेवावं तर पोरीचं नुकसान. शेवटी पीसीवर रजई टाकली आणि वरून कवटाळून बसलो. तो तापला, मीही तापलो. पलीकडे लेक काय उत्तरं देतेय ते कळेना. फार वाईट वाटलं. तिला मदत करायची म्हणून एवढा खटाटोप, आणि आज माझं काम काय, तर आवाज न होऊ देणं. थोड्या वेळाने पंखा थांबला. पीसीही.

२६ फेब्रुवारी
नोकरी लागली! तीही घरी बसून करायची. वातावरणनिर्मिती कोणाची होती, हे सांगायची गरज नाही. कंपनीने लॅपटॉप पाठवलाय, आणि त्यात काय? लिनक्स! सगळ्यांना बोलावून दाखवलं. मेहुण्याला मुद्दाम फोन केला. झटक्यात चालू होतो, वायफाय आपलं आपण पकडतो, कॅमेऱ्यात माणूस माणसाच्या रंगाचा दिसतो.
दोनचार सेटिंग मात्र माझ्या हातून व्हायला हवीत. लेकीकडे पासवर्ड मागितला. कशाला, म्हणाली. म्हटलं, अगं, कधी विसरलीस तर आपल्या माणसांपैकी कुणाला तरी माहीत असावा. तर म्हणाली, मामाला सांगून ठेवलाय.
बरं केलंस, म्हटलं.