मिहीर कोणता फुटबॉल खेळतो, याचा खुलासा

वॉटफर्ड,
मार्चअखेर

तीर्थस्वरूप परीक्षितदादांस,

धाकट्या नंदूचा वॉटफर्डहून साष्टांग नमस्कार. (अंगं आठ लागतात. त्यातला एक गुडघा आणि उजव्या हाताचं एक बोट सध्या रजेवर आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.) तुमची शुगर कशी आहे? अरुणावहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं मिहीरकडून कळलं. आता त्यांना घरातली धूळ स्पष्ट दिसू लागली असेल, तेव्हा तुम्हीही जरा जपून राहा. इकडे शिल्पा बरी आहे, मी बरा आहे. हवा बोलण्यासारखी नाही, आणि सगळे तिच्याबद्दलच बोलतात.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घराच्या भिंती अशा आहेत की मी खाली ‘हॅलो’ म्हटलं की मिहीर वरून ‘कोण आहे, काका?’ विचारतो, आणि जे सांगायचं आहे ते त्याच्याबद्दलच आहे. शिवाय फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, हे अत्यंत आदराने नमूद करतो.

तुमचा मुलगा इंग्लंडात युनिव्हर्सिटीकडून फुटबॉल खेळतो असं तुम्ही सगळ्या धरमपेठेत सांगितलं आहे. ते खोटं नाही. फक्त तो फुटबॉल, तो फुटबॉल नव्हे. झालं असं की सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता, तिथे प्रत्येक क्लबाचं टेबल होतं, आणि एका टेबलावरच्या पाटीतला ‘अमेरिकन’ हा शब्द हेल्मेटांच्या ढिगामागे झाकला गेला होता. मिहीरने उरलेला शब्द वाचला आणि नाव दिलं. (हेल्मेटं पाहून शंका कशी आली नाही, हे मी त्याला विचारलं. त्याला वाटलं, इथे सेफ्टी फार.) या खेळातला चेंडू सोललेल्या नारळासारखा असतो, तो हातात घेऊन पळायचं असतं, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला जमिनीवर आपटायचं असतं. पायाचं काम अगदी थोडं. ते थोडं काम करणाऱ्यांना ‘स्पेशल टीम्स’ म्हणतात. संघाचा एक भाग चढाई करतो, दुसरा अडवतो, आणि हा तिसरा भाग म्हणजे लग्नातला आचारी; पंगत बिघडल्याशिवाय त्याला कोणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी मिहीरने मारलेला चेंडू गोलाच्या खांबांवरून, कुंपणावरून पलीकडच्या भाजीच्या वाफ्यांत गेला. एक आजोबा तो हातात धरून आले आणि त्यांनी विचारलं की माझ्या कांद्याच्या पातीवर हे कोणी टाकलं. सगळ्यांनी मिहीरकडे बोट दाखवलं, पण अभिमानाने. कॅप्टन कॅलम (दाराच्या चौकटीएवढा मुलगा, मनाने वाईट नाही) त्याच क्षणी म्हणाला की हा आपला. आदल्या वर्षी हा संघ पळण्यात कोणाला ऐकत नव्हता, पण किक मारणारा कोणी नसल्यामुळे दर सामन्यात एकेक, दोनदोन गुणांनी हरत आला होता.

मिहीरच्या किकसाठी आधी एकाने वाकून, दोन पायांच्या मधून चेंडू मागे फेकावा लागतो. ते काम राजकडे. राज लंडनजवळच्या पिनरचा, त्याचे आजोबा देवरुखहून आलेले. त्याचं मराठी आजीकडून आलेलं आहे, मात्र स्त्रीलिंग-पुल्लिंगाकडे आजीने काणाडोळा केला असावा. “काका, तुझा चहा खूप छान होती,” असं तो मला दर वेळी मनापासून सांगतो आणि मी विरघळतो. तर राजने फेकलेला चेंडू गुडघ्यावर बसलेल्या कॅलमने पकडायचा, टोकावर उभा धरायचा, आणि पळत आलेल्या मिहीरने तो मारायचा. हे सगळं तुम्हाला शिंक यायला लागतो तेवढ्या वेळात व्हावं लागतं.

आणि झालं, दादा. एक सामना मिहीरने शेवटच्या किकवर काढला. दुसऱ्यात त्याने चेंडू असे लांब आणि कोपऱ्यात मारले की समोरच्यांना दर वेळी आपल्याच दारातून सुरुवात करावी लागली आणि ते दमून हरले. संघ वर चढत गेला. पण त्यामुळे एक विपरीतच झालं. किका बसतातच आहेत म्हटल्यावर त्यांचा सराव मागे पडला. आधी सरावाच्या शेवटी का होईना, बाकीचे बूट काढत असताना यांना मैदान मिळायचं. पुढे पुढे तेही मिळेना. मिहीरने कॅलमला सांगून पाहिलं की तू आमच्याबरोबर चेंडू धरायला थांबत जा. कॅलम म्हणाला, “मेट, तू मारतोयस ना बरोबर? मग सराव कशाला?”

म्हणून शनिवारी सकाळी घराजवळच्या पार्कात हे दोघे सराव करू लागले आणि कॅलमच्या जागी गुडघ्यावर मी बसू लागलो. (रजेवरच्या अवयवांचा उलगडा इथे होतो.) पहिल्याच दिवशी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना वाटलं की हा धट्टाकट्टा मुलगा जमिनीवर पडलेल्या म्हाताऱ्याला लाथा मारतोय. त्या कुत्र्यासकट धावत आल्या आणि मला विचारलं, “आर यू ऑल राइट, लव्ह?” मी म्हटलं, हा माझा पुतण्या आहे. त्यावर त्यांची काळजी आणखीच वाढली. पण खरं सांगतो, मला त्या शनिवारांची गोडी लागली. राजचा चेंडू माझ्या तळहातात यायचा, मी तो टेकवायचो, मिहीरचं पाऊल कानाजवळून जायचं, आणि मग आम्ही तिघंही मान वर करून बघत राहायचो. आमच्या घरात मूल नाही, तुम्हाला माहीतच आहे.

फक्त पाऊस आला की आम्ही थांबत असू. चिखलात गुडघा टेकवायचं माझ्या जिवावर यायचं, मी चहाचं नाव काढायचो, आणि पोरं संस्कारी असल्यामुळे माझ्यामागून घरी यायची. इंग्लंडात राहून पाऊस चुकवून सराव करणं म्हणजे नागपुरात सावलीत बसून मे महिन्याची तयारी करणं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सेमीफायनल बेसिंगस्टोकच्या पुढे होती. सकाळपासून पाऊस. शिल्पा आणि मी एका छत्रीखाली, डब्यात पोळीभाजीचे रोल. शेवटी आपण दोन गुणांनी मागे होतो आणि एका किकचे तीन गुण मिळणार होते. अंतर असं की मिहीरने झोपेत मारली असती. राज वाकला. ओला चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि कॅलमच्या डोक्यावरून चालला. कॅलमने उडी मारून तो बोटांनी खाली ओढला, कसाबसा टेकवला, पण मिहीर तोवर निघाला होता. त्याचं पाऊल मध्येच अडखळलं. चेंडू उठलाच नाही. तो सरळ आपल्याच संघातल्या सर्वांत भरदार मुलाच्या पार्श्वभागावर जाऊन बसला. पलीकडचे प्रेक्षक हसले, आणि हसणं संपायच्या आत मोसम संपला.

मुलं गोल करून उभी राहिली. मी मिहीरची बॅग धरून मागेच होतो. कॅलमने विचारलं, काय झालं. राजने हेल्मेट काढलं नव्हतं. आत तोंड दिसत नाही. मिहीर म्हणाला, “आय वॉज लेट. माय फॉल्ट.” कॅलमला खरं काय ते दिसलं होतं, चेंडू त्याच्याच हातात आला होता. पण तो आपल्या हातांकडे बघत राहिला. त्या हातांनी ओला चेंडू सरावात एकदाही धरला नव्हता.

गाडीत शिल्पाने रोल पुढे केला, मिहीरने खाल्ला आणि म्हणाला, छान झालाय काकू. तेव्हा आम्हाला कळलं की पोरगं आतून मोडलंय, कारण एरवी त्याला प्रत्येक गोष्टीत मीठ कमी वाटतं. पुढचे काही दिवस त्या किकचा व्हिडिओ युनिव्हर्सिटीभर फिरला. लोकांनी त्यावर गाणी लावली. मिहीर सगळ्यांबरोबर हसायचा आणि घरी आला की जिना न वाजवता वर जायचा.

मग एका संध्याकाळी राज आला. मी दार उघडलं, तर आत न येता मलाच म्हणाला, “काका, माझा चूक होता.”

जिन्यावरून मिहीर म्हणाला, “माझी. चूक स्त्रीलिंगी असते.”

“ओके. माझी,” राज म्हणाला. “तुझा नाही. मी सगळ्यांना सांगितली.”

त्याने खरंच सगळ्या संघासमोर सांगितलं होतं. त्यानंतर कॅलमनेही उभं राहून सांगितलं म्हणे, की आपण सरावाला कधी थांबलो नाही, आणि पुढच्या मोसमात स्पेशल टीम्सचा सराव आधी होईल, बाकी सगळं नंतर. राज हे सांगताना उजळला होता. मिहीर म्हणाला, “गुड. खूप चांगलं झालं,” आणि चहाचे कप विसळायला गेला.

दादा, मिहीरचा कोर्स एका वर्षाचा आहे. पुढच्या मोसमात तो इथे नाही. ज्याच्या एका किकपायी हे सगळं त्यांना कळलं, त्याच्या वाट्याला एवढाच एक मोसम होता आणि तो असा संपला. मला याचं फार वाईट वाटतं. घरात वाटून घ्यायला शिल्पा आहे, पण ती म्हणते की भावाला लिहा, माझ्यापाशी किती उसासे टाकाल.

अरुणावहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा, गोड चोरून खाऊ नका. त्यांना आता दिसतं.

तुमच्या पाठचा,
नंदू

ता. क. – फायनल बघायला म्हणून तुम्ही सेमीफायनलच्या आधीच एप्रिलची तिकिटं काढून ठेवलीत, हे मिहीर आता बोलला. फायनलमध्ये दुसरेच दोन संघ आहेत. तो म्हणतो, बाबांना कळव, तिकिटं रद्द करा, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मी कळवत नाही. तुम्ही दोघं या. तो त्या दिवसापासून पार्कात गेलेला नाही. मी म्हटलं की नाही म्हणतो. तुम्ही म्हटलं तर जाईल.

पुन्हा ता. क. – पाकीट चिकटवायला डिंक मागायची चूक केली. मिहीर डिंक घेऊन आला आणि टेबलावरचं सगळं पत्र उभ्याउभ्या वाचून मोकळा झाला. म्हणतो, “काका, बाकी बरोबर आहे, पण चेंडू एवढा वर नव्हता गेला. मी खरंच लेट होतो.” आता मी छत्रीखालून काय पाहिलं ते माझं मलाच सांगता येत नाही. मग त्याने वरची ता. क. खोडायला पेन मागितलं. मी दिलं. बराच वेळ तो हातात धरून उभा राहिला आणि न खोडताच परत देऊन गेला.