श्वास धरायचा नाही

६ जानेवारी, मंगळवार

जेवायचं टेबल पुन्हा गेलं! आज तिसऱ्या बेटाने गिळलं. ताटं मांडीवर घेऊन जेवलो, कारण नकाशावर डाग पडला की कप्तानांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, चेहरा बघवत नाही. होड्यांच्या वेळा आज पुन्हा नव्या कागदावर उतरवल्या आहेत. निळी पेन्सिल म्हणजे होडी, लाल म्हणजे छोटं विमान, हिरवी म्हणजे पाण्याखाली. बस डेपोत तीस वर्षं फेऱ्यांची वेळापत्रकं करणारा नवरा मिळाला की सुट्टीलासुद्धा सुट्टी नसते.

बेटांची खरी नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून आम्ही आमची ठेवली आहेत. चप्पल, स्वल्पविराम, फुटका कप, मावशीचं नाक. आणि शेवटचं – मोकळं. तिथे पूर्ण एक दिवस काही करायचं नाही. पाण्याखाली जाऊन आल्यावर चोवीस तास विमानात बसायचं नसतं, अंगात मुरलेला वायू निघून जायला तेवढा वेळ द्यावा लागतो म्हणे. "ह्या दिवसाच्या खान्यात काय लिहू?" कप्तान विचारत होते. म्हटलं, काही लिहू नका. माणसाने आयुष्यात एक खाना रिकामा सोडलेला नाही. बराच वेळ पेन्सिल वर धरून बसले होते.

८ जानेवारी

आज एक्स-रेला ऐंशी छात्या. दवाखान्याच्या तळघरात खिडकी नाही, त्यामुळे बाहेर ऊन आहे की आभाळ ते पेशंटच्या कपड्यांवरून कळतं. सव्वीस वर्षं माझा एकच पाठ. श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा. मग पेशंट शर्टाची बटणं लावता लावता विचारतो, "मॅडम, काय निघालं?" आणि मी म्हणते, डॉक्टर सांगतील. मला दिसलेलं असतं. पण फोटो काढणारीने सांगायचं नसतं, ते रिपोर्टवाल्या डॉक्टरांचं काम. सव्वीस वर्षांत न विचारता गेलेला एक माणूस आठवत नाही.

मशीनच्या बाजूला मी जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलंय. निळं पाणी, एक पिवळा मासा, तळाशी वाळूवर हलणारं ऊन. दोन फोटोंच्या मधे मी तिथे जाऊन येते. कोणाला कळत नाही.

कप्तानांना हे वेड चार वर्षांपूर्वी लागलं. नक्की दिवस आठवतो. डेपोत सगळ्यांची वार्षिक तपासणी होती, उशिरा घरी आले, बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसले. मला म्हणाले, "तुला पाण्याखाली जावंसं वाटतं का ग कधी?" मी म्हटलं, रोज! थट्टेत म्हटलं. दुसऱ्या दिवशी शंभरपानी वही आणली. पन्नाशीत पुरुषांना एकेक खूळ लागतंच. कोणाला बाग, कोणाला बुद्धिबळ. आमच्या वाट्याला समुद्र आला.

११ जानेवारी, रविवार

तरण तलावावर पहिला धडा. शिकवणारे गृहस्थ काडीसारख्या पायांचे, एका पायावर उभं राहायची सवय. मी मनातल्या मनात बगळा म्हटलं, कप्तानांनी तेच मोठ्याने म्हटलं. नशीब, तेव्हा त्यांच्या कानांत पाणी होतं.

बगळा म्हणाले, "एकच नियम लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पाण्याखाली श्वास कधीच धरायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. धरलात आणि तसेच वर आलात, तर आतली हवा फुगते आणि छाती फाटते."

मी खाली गेले आणि पहिली गोष्ट काय केली? श्वास धरला! जन्माची सवय. दुसऱ्यांना सांगता सांगता प्रत्येक "धरा"ला मीही धरते, हे आज कळलं.

कप्तान काठावर खुर्चीत. सर्दी आहे म्हणे. वहीत माझे श्वास मोजून लिहीत होते आणि वरून सूचना – "मान सरळ! पाय सैल!" उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

१२ जानेवारी

स्वप्न पडलं. तळघरात पाणी भरलंय, निळं, उजेडाचं. पेशंट नंबरचे कागद हातात धरून ओळीने तरंगताहेत, कोणाला घाई नाही. मी म्हणते, घ्या, आणि सगळ्यांच्या तोंडातून बुडबुडे वर जातात. धरा म्हणायचं मी विसरूनच गेले होते.

१५ जानेवारी

मास्क आला! काचेला अजून कारखान्याचा वास आहे. घालून घरभर फिरले, दूधही मास्कमधूनच तापवलं. "तुमचा कुठाय?" विचारलं. म्हणाले, "येईल ग. माझं नाक मोठं, मागवून घ्यावा लागेल." एवढंही काही मोठं नाही.

१८ जानेवारी, रविवार

आज तीन मीटर. तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसले. पाच मिनिटं. वरचा सगळा गलका एकदम बंद, फक्त माझाच श्वास, येतोय, जातोय. कोणी विचारत नाही काय निघालं. मला कोणालाच काही सांगायचं नाही आणि काही लपवायचंही नाही. इतकं हलकं मला शेवटचं कधी वाटलं होतं? आठवेना. मास्कमधे रडता येतं, हेही आज कळलं. चव खारट नाही, क्लोरीनची लागते.

वर आले तेव्हा कप्तान काठाशी ओणवे होऊन बघत होते. आज कान दुखतोय म्हणे. मी विचारलंच, पाण्याला भिता की काय? म्हणाले, "भीत असेन बुवा." आणि टॉवेल पुढे केला. माझ्याहून जास्त खूश दिसत होते.

२१ जानेवारी

ताईचा फोन. "ह्या वयात समुद्राच्या तळाशी काय ठेवलंय तुझं?" म्हटलं, तेच बघायला चालले आहे. ती म्हणाली, "त्याचं खूळ आहे, तू कशाला फरफटत जातेस?" मी हो ला हो केलं. फोन ठेवल्यावर वाटलं, फरफट तर काही वाटत नाही. पण खूळ त्यांचं असलेलं बरं. बुडालं तर नाव त्यांचं.

२५ जानेवारी, रविवार

बगळ्यांनी फॉर्म दिले. पंचेचाळिशीच्या पुढे छातीचा फोटो आणि डॉक्टरची सही, त्याशिवाय समुद्रात नेणार नाहीत. कप्तानांचा फॉर्म वहीत गेला, वही कपाटात गेली. "बघू पुढच्या आठवड्यात. डेपोत नवीन फेऱ्या लागताहेत." घरची एक्स-रेवाली असून नवऱ्याचा फोटो निघत नाही! गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात या, नाहीतर टेबलावरचा नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकीन, असं सांगितलं.

२७ जानेवारी

माझा फोटो जोडीदारणीने काढला. एकोणीस वर्षं आम्ही एका शिफ्टला आहोत, तरी मला "हलू नका मॅडम" म्हणाली. छाती स्वच्छ. स्वतःच्याच फासळ्या पडद्यावर बघत उभी राहिले. इथे मावशीच्या नाकाजवळची हवा भरायची आहे, असं काहीतरी मनात आलं. कामात लक्ष नव्हतं दिवसभर.

२९ जानेवारी, गुरुवार

कप्तान आले. शर्ट काढून, हनुवटी वर करून उभे राहिले. मी काचेमागून म्हटलं, श्वास घ्या. धरा. हलू नका. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांना हे मी कधी म्हटलं नव्हतं.

सोडा.

मग पडद्यावर आलं. डावीकडे वर, फुप्फुसाच्या टोकाला, हवेचा गोळा. लिंबाएवढा. भोवती केसाएवढी बारीक रेघ. नवीन डोळ्याला दिसणारही नाही. मला दिसला.

एरवी हा गोळा काही करत नाही. माणूस हसतो, जिने चढतो, म्हातारा होतो. पण पाण्याखाली जाऊन वर येताना हा आत अडकलेली हवा सोडत नाही. फुगतो.

कप्तान बटणं लावता लावता स्वल्पविरामाहून सुटणाऱ्या होडीबद्दल बोलत होते. अर्धा तास आधी धक्क्यावर पोहोचायला हवं म्हणाले. मी म्हटलं, हो.

३० जानेवारी

रिपोर्टवाले डॉक्टर आठ तारखेपर्यंत रजेवर. मी मूग गिळून बसले आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

तलाव. बगळा म्हणाले, "बाई, आज पुन्हा धरताय. मागच्या वेळी किती छान सोडत होतात." काठावर कप्तान वहीत मोजत होते. मला वाटतं त्यांनाही आकड्यांत काहीतरी दिसलं असणार.

३ फेब्रुवारी

हिशोब सरळ आहे. त्यांना पाण्यात जाऊ द्यायचं नाही. एवढं ठरलं, त्यात वाद नाही. पण सांगायचं कोणी आणि कसं? चार वर्षं हा माणूस डेपोतून येतो, हातपाय धुतो आणि बेटांवर जातो. त्याला मी म्हणू की तुमच्या छातीत गोळा आहे, आता नकाशा गुंडाळा? रोज ऐंशी जणांना "डॉक्टर सांगतील" म्हणणारी मी, आता कळतंय ते वाक्य किती सोयीचं होतं.

दुपारी दोन फोटोंच्या मधे सुचलं. मीच माघार घेते. मला भीती वाटते म्हणते. बायकोमुळे राहिलं, असं जन्मभर चिडवतील, चिडवू देत. स्वतःच्या छातीमुळे राहिलं, हे त्यांना कशाला? ह्या गोळ्यासकट ते आणखी तीस वर्षं मजेत वेळापत्रकं करतील.

पिवळ्या माशाकडे मात्र मी आज बघितलं नाही.

६ फेब्रुवारी

सांगितलं. चहा पिता पिता, अगदी सहज – मला नाही जमणार, खाली गेलं की घाबरायला होतं, आपण राहू देऊ.

कप्तानांचा चेहरा असा पडलेला मी सासूबाई गेल्या तेव्हाच बघितला होता. "असं करू नकोस," म्हणाले. "दुसरं काहीही सांग. बेटं कमी करू. तीन करू. एकच करू."

म्हटलं, मग तुम्ही जा.

"मी नाही गेलो तर चालेल ग. तू जा."

मला राग आला. मी एकटी जाऊन काय करू? समुद्र तुम्हाला हवाय, मला नाही! असं मी बोलले. खोटं बोलताना माझा आवाज चढतो. ते उठून तिन्ही रंगांच्या पेन्सिलींना टोकं काढत बसले. टोकं आधीच काढलेली होती.

८ फेब्रुवारी, रविवार

तलावाला गेलो नाही. टेबल मोकळं आहे. दोघं टेबलावर जेवलो. जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. खाली शेवटची ओळ – "आधीच्या फोटोशी तुलना केली. बदल नाही."

आधीच्या? डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "डेपोच्या तपासणीतला हो, चार वर्षांपूर्वीचा. तिथले रिपोर्टही मीच करतो. तेव्हाच सांगितलं होतं त्यांना – बाकी काही काळजी नाही, फक्त पाण्याखाली जायचं नाही कधी. तर हसले. म्हणाले, चालेल, मी होडीत बसतो, बायकोला पाठवतो. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते, तुम्ही काळजीने घर सोडणार नाही म्हणून. मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल."

म्हणून मास्क एक. म्हणून सर्दी, कान, नवीन फेऱ्या. आणि सव्वीस वर्षांत "काय निघालं?" न विचारता गेलेला एकच माणूस, तो माझाच – आणि मला ते लक्षातही आलं नाही!

घरी आले. कपाटातून नकाशा काढून टेबलावर पसरला. कप्तान दारात उभे होते, माझ्या हातातल्या रिपोर्टच्या पाकिटाकडे बघत. म्हटलं, "अहो, सोडा आता श्वास."

मग मी हिरवी, पाण्याखालची पेन्सिल घेतली.