अंगठ्याची नाडी

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची! हॉस्टेलची खोली लहान आहे, पण खिडकी उघडली की समोर मेडिकल कॉलेजची जुनी इमारत दिसते. इतकी जुनी, की दगडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. किती डॉक्टर त्यांवरून चढले-उतरले असतील, आणि आता मी! उगाचच छाती फुगली.

खोलीतली जोडीदारीण भलतीच बोलकी आहे. सामान लावून होईस्तोवर तिनं माझ्या घरच्या सगळ्यांची चौकशी केली आणि स्वतःच्या घरच्यांची माहिती न विचारता दिली. मी तिचं नाव रेडिओ ठेवलं. तिला ते आवडलंसुद्धा.

बाबांनी अ‍ॅप्रन स्वतः शिवून दिलाय. शिंप्याची मुलगी तयार अ‍ॅप्रन घालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आत एक चोरखिसा आहे, ही वही बरोब्बर मावेल असा. निघताना म्हणाले, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालंय, आता डॉक्टर होऊनच ये. आई म्हणाली, आधी एका जागी बसायला शीक. माझ्या पायाला भिंगरी आहे हे खरंच. एवढं लिहितानाही मी दोनदा उठून व्हरांड्यात फेरी मारून आले.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज डिसेक्शन हॉलचा पहिला दिवस. उंच छत, मोठ्या खिडक्या, ओळीनं लावलेली स्टीलची टेबलं. फॉर्मलीननं डोळे असे चुरचुरतात की सगळा वर्ग रडून आल्यासारखा दिसत होता. आमच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ आहेत, हनुवटीवर खळी असलेले. आम्ही त्यांना आजोबा म्हणायचं ठरवलं. माझा जोडीदार ताडमाड आहे, टेबलावरच्या दिव्याला डोकं आपटतो. तो उंच्या.

या कॉलेजची एक जुनी रीत आहे. सुरी लावण्याआधी टेबलावरच्या एकानं देहाच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि मोठ्यानं ‘नाही’ म्हणायचं. मग दुसऱ्यानं खात्री करायची, त्यानंही ‘नाही’ म्हणायचं. त्यानंतरच सुरी. कोणे एके काळी इथे कुणाच्या तरी हातून घाई झाली होती म्हणे. रोज हे करायचं म्हणून मनगट सगळ्यांत शेवटी उघडतात. शिकवणारे सर इतके हळू बोलतात की सीनियर मुलं त्यांना हळूसर म्हणतात, पण हा नियम त्यांनी तीनदा सांगितला.

पहिली पाळी माझी. आणि मी म्हणजे घाई! मनगट मुठीत धरलं, अंगठा दाबला. खाली ठोके लागले, स्पष्ट. मी ओरडले, ‘आहे!’

सगळा हॉल खो खो हसला. हळूसरांनी न रागावता समजावलं, की अंगठ्यात स्वतःची धमनी असते. अंगठ्यानं नाडी बघणाऱ्याला दुसऱ्याच्या हातात आपलेच ठोके लागतात. लाजेनं माझे कान तापले. त्या हसण्याच्या गोंधळात उंच्यानं सुरी उचललीसुद्धा. मी नीट ‘नाही’ म्हणायचं राहूनच गेलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

वर्गात माझं नाव ‘आहे’ पडलंय. रेडिओ तर दारातूनच विचारते, आहे आहे का? मीही हसते. हसण्यावारी नेलं की लोक लवकर विसरतात.

मात्र जरा गळल्यासारखं वाटतं. हात गार पडतात. दगदग झाली असेल.

सोमवार, १६ सप्टेंबर

आज नाडीची पाळी आमच्याच टेबलावरच्या दुसऱ्या दोघांची होती. दोघांनीही ‘नाही’ म्हटलं. उंच्या सुऱ्या पुसत होता तेव्हा मी सहज आजोबांच्या मनगटावर बोटं ठेवली. अंगठा नाही, तीन बोटं, शिकवल्याप्रमाणे.

ठोके होते. संथ, एकसारखे.

बोलले नाही. पुन्हा कोण हसं करून घेणार? दुपारभर कॉलेजभोवती चालत राहिले. बसवेना.

शुक्रवार, २० सप्टेंबर

शरीरक्रियेच्या प्रॅक्टिकलमध्ये एकमेकांची नाडी मोजायची होती. उंच्याला माझी सापडेना. त्यानं बोटं सरकवली, पुन्हा सरकवली. मग सरांचं लक्ष नाही असं बघून गुपचूप अंगठा लावला आणि आकडा लिहून मोकळा झाला. माझ्याकडे बघून डोळा मारला. त्याला वाटलं, आळस केला. पण तो आकडा त्याचाच होता.

खोलीत येऊन मी स्वतः बघितलं. डावं मनगट, उजवं मनगट, गळा. मला भीती वाटतेय. सरळच लिहिते, फार भीती वाटतेय.

मंगळवार, २४ सप्टेंबर

रेडिओला सांगितलं. तिनं माझं मनगट धरलं, आहे की गं चांगली, म्हणाली. अंगठ्यानं धरलं होतं.

हॉस्टेलच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तीन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. कपाळाला आठी पडली. मग म्हणाले, हात फार गार आहेत, नाडी क्षीण लागते, जेवत जा. टॉनिक लिहून दिलं.

घरी फोन केला. मला म्हणायचं होतं, बाबा, मला न्यायला या. बाबाच आधी बोलू लागले. माझा अ‍ॅप्रनमधला फोटो त्यांनी दुकानात मशीनच्या वर लावलाय. मी बरं म्हटलं आणि ठेवून दिला.

बुधवार, २५ सप्टेंबर

झिजलेल्या पायऱ्या धावत चढले. दम लागला नाही. जराही नाही.

पूर्ण लेक्चर एका जागी बसले. रेडिओनं कौतुक केलं, सुधारलीस म्हणाली. सुधारले कसली — हलावंसंच वाटत नाही. मनात नुसती तगमग, आणि पाय लाकडाचे.

आजोबांचा हात कोमट आहे. गालावर रंग आलाय. उंच्या म्हणतो, दिव्याचा उजेड.

गुरुवार, २६ सप्टेंबर

उद्या छाती उघडणार. आत चालतंय ते माझं आहे. मी ‘आहे’ म्हटलं आणि तो शब्द परत घेतला नाही, म्हणून तिकडे गेलं. उद्या सुरी त्यावर —

‘नाही’ म्हणून टाकावं? पण मग तेही थांबेल. माझं तेवढंच उरलंय.

हळूसरांना म्हटलं, उद्या मला सुट्टी द्या. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच असं होतं, म्हणाले. पाळी तुझीच आहे, ये. त्यांच्या आवाजात माया होती, म्हणून जास्तच रडू आलं. रडले, पण डोळ्यांत पाणी आलं नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

हॉलमध्येच लिहितेय. खिडकीजवळच्या स्टुलावर. उठता येत नाही.

नाडीची पाळी आली. मी इथूनच ‘आहे’ म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. कुणी हसलं नाही. कुणी वळूनसुद्धा —

पुन्हा म्हटलं. उंच्या अगदी जवळ होता.

आजोबांच्या अंगावरची चादर वरखाली होतेय. दिसत कसं नाही कुणाला?

हळूसर आले. माझ्यापुढे वाकले. काहीतरी विचारलं. मी सांगतेय, सर, लिहितेय ना मी, बघा ना हात —

डावं मनगट धरलं त्यांनी. तीन बोटं. थांबले. बोटं सरकवली. थांबले.

मग रोजच्यासारखंच, हळू —

‘नाही.’

आता दुसऱ्यानं खात्री करायची. उंच्याला बोलावलंय. तो हात पुसत येतोय. त्याचे डोळे भरलेत, फॉर्मलीननं नाही.

टेबल मोकळं करतायत. आजोबा कुठे —

उंच्या बोटं ठेवतोय. एक. दोन. नको रे, बोटं नको. त्या दिवशी लावलास तसा अंगठा लाव, राजा, अंगठ्यानं धर, अंगठ्या —