चिंधीचा आवाज

रविवार
लेकाच्या नव्या घरी राहायला आले. घर कसलं, काडेपेटी; पण उजेड छान. मला अक्षरओळख नाही, म्हणून शिकायला परगावी जाताना नातीनं फोन गळ्यात अडकवून दिला. म्हणाली, आजी, तू रोज बोल, हा लिहून घेईल. माझं मुकाट्यानं ऐकणारं कुणीतरी भेटलं एकदाचं. सुनेनं सोबतीला मांजरीचं पिल्लू आणलंय, ठिगळं लावल्यासारखं तीन रंगांचं. मी नाव ठेवलं चिंधी. जीव मूठभर, आवाज फौजदाराचा.

सोमवार
दोघं कामावर गेली की घर आम्हा दोघींचं. चिंधीला न्हाणीघराचं वेड. मोरीच्या जाळीला नाक लावून आत ओरडत बसते. सून म्हणाली, आत झुरळ असेल. मी म्हटलं, असेल, ही त्याची शिकवणी घेतेय.

बुधवार
चिंधी दुधाला तोंड लावत नाही. अंग तापलंय. म्याव करायला तोंड उघडते, पण आवाजच येत नाही. लेकानं जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सुई दिली, म्हणाले, घसा स्वच्छ आहे, आवाज का गेला कळत नाही. खाल्लं नाही तर पिल्लू टिकणार नाही. डॉक्टरच कळत नाही म्हणाला की आपल्याला सगळं कळतं.

गुरुवार
दुपारी चिंधी मांडीवर निपचित पडली होती, आणि न्हाणीघरातून चिंधी ओरडली. तोच फौजदारी सूर, जाळीच्या खालून. मांडीवरचीनं कान टवकारले. लेक म्हणाला, खालच्या मजल्यावरच्यांनीही मांजर पाळलं असेल. सून म्हणाली, आईंची झोप होत नाही. माझ्या वयात काहीही झालं तरी झोपच झालेली नसते.

शुक्रवार
चिंधी मान उचलेना. जाळीपाशी बसले आणि सुनावलं, मेल्या, लेकराचा आवाज परत दे. बोलणारंच हवं असेल तर मी आहे, जन्मात माझं तोंड मिटलेलं नाही. मग दुपारभर बोलले. माहेरच्या गमती, सुनेच्या चुगल्या. खाली कुणीतरी ऐकत होतं. संध्याकाळी चिंधी म्याव म्हणाली, बारीकसं. वाटीभर दूध प्यायली.

शनिवार
चिंधी पडद्यावर चढतेय. माझा घसा बसलाय. सून म्हणते, गुळण्या करा. दोघं उद्या नातीकडे चाललीत, चार दिवस.

रविवार
गुळण्यांना न्हाणीघरात आले. कडी अडकली. हाक मारली, नुसती हवा निघाली. दार ठोकलं. लेकानं बाहेरून विचारलं, आई, बरी आहेस ना. मी तोंड उघडलं—
उत्तर जाळीतून गेलं. माझ्या आवाजात. मला काय धाड भरलीय, तुम्ही निघा, गाडी चुकेल.
दोन्ही हातांनी दार बडवलं. आवाज हसला, अगदी माझ्यासारखा. म्हणाला, चिंधी आहे रे, दारावर चढतेय. लेकही हसला. म्हणाला, आईचा घसा मोकळा झाला एकदाचा.
बाहेरचं दार लागलं.

दुपार—
चिंधी पलीकडून दार खरवडतेय. खणखणीत ओरडतेय. कुणी ऐकलं तरी मांजरच म्हणणार—
फोन लावायला मला येत नाही. पुटपुटते तेवढंच हा लिहून घेतोय—

संध्याकाळ
मी थांबले तरी फोनवर अक्षरं धावतायत. वाचता येत नाही. ऐकू येतं— जाळीतून लाडीगोडीनं, माझ्या आवाजात— नातीला निरोप. सुट्टीत ये. जाळीपाशी बस. खूप गप्पा मार—

नको, पोरी. ती मी ना—