रविवारपर्यंत ओठ साफ

४ जून, सकाळ
ओठाच्या कोपऱ्यात चुरचुर. आरशात पाहिलं, पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका. हर्पीस! लॅबमध्ये ज्या विषाणूवर मी पानांचा अर्क टाकतो, तोच माझ्यावर उलटला. आणि रविवारी मुलगी घरी येणार. वेळेआधी जन्मली म्हणून अजून काचेच्या पेटीत आहे. मांडीवर एकदाही घेतलेली नाही.

दुपार
बाळाचे डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा जिवाला हे जिवावर बेतू शकतं. बायकोने लगेच फर्मान काढलं, खपली पडेपर्यंत बाळापासून लांब राहायचं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. घेणार नाही. आयुष्य वनस्पतींना वाहिलेला माणूस गोळ्या गिळणार? रविवारपर्यंत माझाच अर्क ओठ साफ करेल. ठरलं.

५ जून
अर्क लावला. भयंकर झोंबतो, म्हणजे लागू पडतोय. बायकोने फोनवर विचारलं, गोळी घेतली का. घेतल्यासारखीच आहे, असं सांगितलं.

६ जून, दुपार
जिंकलो! विषाणू वाढवायला जिवंत पेशींच्या प्लेट लावतो, त्यातल्या अर्क टाकलेल्या प्लेटमध्ये विषाणूचा मागमूस नाही. गाइड मॅडमना बोलवायला धावतच गेलो. ओठ जरा सुजलाय. चालायचंच.

संध्याकाळ
मॅडमनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. म्हणाल्या, विषाणू राहणार कुठे, पेशीच मेल्यात. अर्कानेच मारल्यात. विषाणू न घालता नुसता अर्क टाकलेली प्लेट कुठंय? ती लावली नव्हती. घाई होती, रविवार जवळ आलाय. मग त्यांचं लक्ष माझ्या ओठाकडे गेलं. मायक्रोस्कोपचा दिवा बंद करून निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ जून
ओठाची कातडी सोलवटली. तत्त्व बरोबर आहे, प्रमाण चुकलं. अर्कात पाणी घालून पुन्हा लावला. रडू आलं. अश्रू ओठावर आले की अर्काहून जास्त झोंबतात.

८ जून
गोळी घेतली. संशोधक म्हणून नाही, बाप म्हणून. औषधवाला म्हणाला, चुरचुरलं त्याच दिवशी सुरू करायची असते.

९ जून, रविवार
मुलगी घरी आली. विषाणू आणि डास यातला फरक न कळणारे माझे सासरे तिला मांडीवर घेऊन बसलेत. मी स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला मास्क. एक पाऊल पुढे टाकलं तर सासूबाई खुर्ची सरकवून आडव्या बसल्या. बायकोने लांबूनच बाळाचा चेहरा माझ्याकडे वळवला. नीट दिसलाच नाही.

दवाखान्यातली पेटी बरी होती. काचेला नाक लावता यायचं.