पुढचं मशिन उघडत नाही

४ मार्च २०२५, पारनेर

माझ्या हातचं, या दुकानातलं — पुढच्या खोलीतलं शालनचं टेबल, जुन्या दाराच्या सागाच्या फळीचं. मागचा पोटमाळा, कागदाच्या रिमांसाठी. कटिंग मशिनची मूठ. दोन खोल्यांमधल्या भिंतीतलं भोक — ड्रिल नव्हतं, छिन्नीनं पाडलं, दीड दिवस लागला. त्यातून ओवलेली चौदा मीटर वायर, दोन्ही टोकांचे क्लिप मी बसवलेले, आधी सहा वाया घालवून. स्विचचा खोका, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा. शुद्धलेखनाची वही, अकराशे चाळीस शब्द. आणि या सगळ्यावर चालणारं नेटवर्क! पुढचं मशिन बायकोचं, मागचं माझं, मध्ये "मजकूर" नावाचं एक फोल्डर. शालन पुढे गिऱ्हाइकाचं ऐकून टाइप करते, मी मागे बसून तीच फाइल उघडतो, तपासतो, छापतो. अकरा वर्षं. शिक्षण दहावी, कोर्स नाही, क्लास नाही. कुणाला बोलवायची वेळ आली नाही.

कालपासून फोल्डर उघडत नाही.

पुढचं मशिन दिसतं. क्लिक केलं की नाव आणि पासवर्ड मागतं. कसला पासवर्ड? मी कधी ठेवलाच नाही!

शालन म्हणाली, "अहो, मी मशिनला पासवर्ड लावलाय. परवाच." म्हटलं, बरं केलंस. पण तो मशिन सुरू करायचा पासवर्ड. वायरीतून येणाऱ्याला त्याचं काय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला नीट समजावून सांगितलं.

५ मार्च

वायरीवर संशय. दोन्ही टोकं कापली, नवे क्लिप. आतल्या आठ तारांचा क्रम — नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. झोपेतून उठवलं तरी सांगीन. स्विचवर दोन्ही दिवे हिरवे. पिंग केलं, म्हणजे पुढच्या मशिनला वायरीतून हाक मारली — चार संदेश पाठवले, चार परत आले, एकही हरवला नाही.

म्हणजे पुढचं मशिन ऐकतंय, उत्तर देतंय. फक्त आत घेत नाही. याला काय म्हणायचं?

६ मार्च

स्विच बंद-चालू. दोन्ही मशिनं बंद-चालू. फरक शून्य.

८ मार्च

आता घाई आहे. हायस्कूलची स्मरणिका — पन्नास वर्षं पूर्ण, अठ्ठ्याऐंशी पानं, पाडव्याला प्रकाशन. म्हणजे तीस तारीख. सव्वीसला छपाई सुरू झालीच पाहिजे. आणि सगळा मजकूर पुढच्या मशिनवर!

शालननं पहिली सोळा पानं पेन ड्राइव्हवर आणून दिली. पीडीएफ! पीडीएफ म्हणजे शिजलेला भात. खडा दिसतो, पण निवडता येत नाही. म्हटलं, मूळ फाइल दे. तर म्हणते, "चुकलं असेल तिथं कागदावर खुणा करून द्या. मी सुधारते."

खुणा करून? मी काय मास्तर आहे? आजवर आत जायचो, सुधारायचो, बाहेर यायचो. तिला कळतसुद्धा नसे. कुणाला त्रास नाही.

आणि तपासायला नको कसं? फेब्रुवारीतलं वडझिऱ्याच्या पुंजारामचं प्रकरण ताजंच आहे. त्याच्या आईच्या दशक्रियेची कार्डं, तीनशे. दोन दिवसांनी गठ्ठा घेऊन परत आला. भर दुकानात, चार माणसांत — "ताई, आमची आय बनुबाई. ही भानुबाई कोन?" शालननं कार्ड हातात घेतलं, वाचलं, मागच्या खोलीकडं एकदा पाहिलं. म्हणाली, "माझ्याकडून झालं, दादा." पुन्हा तीनशे छापली. पण साठ-सत्तर कार्डं तोवर वाटून झाली होती.

एका अक्षराची चूक! म्हणून तर म्हणतो, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय या दुकानातून ओळ बाहेर पडायची नाही. तेव्हा माझ्या नजरेतून कशी सुटली, तेवढं मात्र कळत नाही.

११ मार्च

वर्कग्रुपचं नाव तपासलं — दोन्हीकडे तेच. नेटवर्क आपोआप "सार्वजनिक" झालं होतं, "खाजगी" केलं. वाटलं, सापडलं! नाही. परत तेच — नाव सांगा, पासवर्ड सांगा.

शेवटी राधाकृष्णला फोन केला. नगरचा, झेरॉक्स मशिनच्या दुरुस्तीला वर्षातून दोनदा येतो. टोनर कधी आणतोस, असं विचारायला म्हणून केला. बोलता बोलता हेही विचारलं.

"काका, पुढच्या मशिनला पासवर्ड लावला का कुणी?"

म्हटलं, लावलाय, पण तो सुरू करायचा.

हसला. "एकच असतो, काका. तुमचं मशिन आत जातंय कुणाच्या नावानं, ते बघा बरं."

पाहिलं. शालनच्या. अकरा वर्षांपूर्वी मीच तसं बसवलेलं — नाव तिचं, पासवर्ड रिकामा. विसरलो होतो साफ. म्हणजे मी मागून आत शिरायचो, तेव्हा पुढच्या मशिनला वाटायचं, शालनच आली.

आठ दिवस वायरी सोलतोय. आणि तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!

१२ मार्च

सकाळी म्हटलं, पासवर्ड सांग.

"काय पाहिजे ते सांगा. काढून देते."

"फोल्डर पाहिजे."

"फोल्डरमधलं काय?"

"सगळं."

"सगळं न्हाई."

न्हाई म्हणाली. "नाही" नव्हे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून घालवला होता. कुठं ठेवला होता तिनं इतके दिवस?

ती दळण घेऊन गिरणीत गेली तेव्हा बसून प्रयत्न केले. मुलीचं नाव — संस्कृती. संस्कृतीची जन्मतारीख. लग्नाची तारीख. शालनच्या माहेरचं गाव. तिच्या आईचं नाव. माझं नाव — मोठ्या अक्षरांत, लहान अक्षरांत, पुढे जन्मसाल लावून. दहाव्यांदा मशिननंच कुलूप घातलं. थोड्या वेळानं या म्हणे.

सत्तावीस वर्षांचा संसार. अकराशे चाळीस शब्द मला बिनचूक येतात. ही बाई कुठला एक शब्द निवडील, ते येत नाही.

१३ मार्च

होळी. पुरणपोळी झाली, बोलणं नाही. पिंग केलं. चार गेले, चार आले.

१५ मार्च

ठरवलं, वाद नको, पुरावा दाखवायचा. तिच्या टायपिंगवर दुसरी नजर का लागते, ते तिच्याच फाइलनं सिद्ध करायचं. म्हटलं, पुंजारामच्या कार्डाची फाइल दे. ही एकच. पीडीएफ नको, मूळ दे.

शालननं माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग पेन ड्राइव्ह आणून ठेवला. सोबत खिळ्याला टोचलेल्या कागदांतून शोधून काढलेला कच्चा कागद.

"नीट बघा," म्हणाली. "तुमी नीटच बघता म्हना."

कच्चा कागद — पुंजारामचं स्वतःचं अक्षर. कै. बनुबाई. शेजारी शालननं केलेली बरोबरची खूण. म्हणजे तिनं त्याला विचारून घेतलं होतं.

फाइल पहिल्या छपाईची, दुसऱ्या छपाईची तिनं वेगळी केली होती — कै. भानुबाई. शेवटचा बदल २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ५ वाजून ४१ मिनिटं.

२१ तारखेला कोण कुठं होतं हे सांगायला ही रोजनिशी आहेच. मागं उलटली. माझंच अक्षर — "शालन दुपारी भिंगारला, बहिणीकडं. परत साडेसातला. दुकान एकट्यानं पाहिलं. पुंजारामच्या कार्डात सात दुरुस्त्या केल्या."

सात.

तीनदा वाचलं. घड्याळ चुकलंय का म्हणून दोन्ही मशिनांची घड्याळं तपासली. एका सेकंदाचा फरक.

१६ मार्च

सात कुठल्या, ते आठवत नाही. बसलो असेन, बनुबाई दिसलं असेल, मनात म्हटलं असेल — खेड्यातली माणसं "भ"चा "ब" करतात, मूळ भानुबाईच असणार. कळ दाबली असेल. मिनिटभराचंही काम नाही.

मला हे कुणी शिकवलं? कुणी नाही! एकोणिसाव्या वर्षी नगरला प्रेसमध्ये खिळे जुळवायला होतो. "आमी" म्हटलं की सगळे हसायचे. मुद्दाम बोलायला लावायचे — "मच्छिंद्र, परत म्हण." तेव्हापासून ती शुद्धलेखनाची वही. माझ्या आईचं नाव तिच्या दाखल्यावर चंद्रबागा आहे. मी सगळीकडं चंद्रभागा लिहितो. ती होती तेव्हा तिला विचारलं नव्हतं.

एक कोडं सुटत नाही. पुढच्या मशिनच्या लेखी ती चूक शालनचीच. तिच्या नावानं मी आत गेलो होतो. मशिनचं सोडा. शालनला तर माहीत होतं कोण गेलं ते. मग "माझ्याकडून झालं" का म्हणाली? चार माणसांत मला खाली पाहायला लागू नये म्हणून? का मला सांगून उपयोग नाही म्हणून?

आणि हे पहिल्यांदाच झालं, का आधीही? अकरा वर्षं म्हणजे किती कार्डं!

विचारायला हवं. विचारलं नाही.

१८ मार्च

गाडी काढून वडझिऱ्याला गेलो. पुंजाराम अराणीपाशी, साठवलेल्या कांद्याच्या ढिगाजवळ, कांदा निवडत होता. उभ्या उभ्याच सांगितलं — ते नाव मी बदललं होतं, शालननं नाही. तिनं बरोबर लिहिलं होतं.

त्यानं हातातला कांदा खाली ठेवला. "ताई म्हनल्या त्यांची चूक. आता तुमी म्हनता तुमची. एका चुकीला मालक तरी किती वो?"

म्हटलं, एकच. मी.

"बसा, च्या घ्या." मग हसला. "आय असती तर म्हनली असती, मेल्यावर का व्हईना, नवं नाव मिळालं." चहा आला, कप हातात देताना म्हणाला, "पर खरं सांगू का? थोरली बहीन ते कार्ड वाचून लई रडली. म्हनली, आयला तिच्या नावानं बी जाऊ दिलं न्हाई."

चहा गोड होता.

परत येऊन शालनला सांगितलं, कुठं गेलो होतो, काय म्हणालो. ती पान एकाहत्तर टाइप करत होती. हात थांबले.

"ऊन लागलं आसंल. जेवून घ्या," म्हणाली.

याचा अर्थ काय घ्यायचा? मिटलं, का नुसतं जेवायचं?

२१ मार्च

आजही तिनं पासवर्ड सांगितला नाही. मीही विचारला नाही. दोन खोल्यांमध्ये पेन ड्राइव्ह फिरतो. तिच्याकडून पान येतं, माझ्याकडून लाल खुणांचा कागद जातो. वायर चौदा मीटर, पेन ड्राइव्हला सोळा पावलं.

खुणा करायच्या म्हणजे प्रत्येक खुणेचं कारण सांगता आलं पाहिजे. आज चार ठिकाणी पेन टेकवला आणि उचलला. कारण सांगता येईना.

२४ मार्च

अठ्ठ्याऐंशी पानं झाली. एकूण एकोणीस खुणा केल्या. चौदा तिनं सुधारल्या. पाच कागद तसेच परत आले, वर पेन्सिलीनं — "राहू द्या."

त्यातले तीन माझेच चुकलेले निघाले. वहीतच चुकीचे उतरवले होते, इतकी वर्षं! एक मान्य नाही, पण असू दे.

पाचवा शेवटच्या पानावरचा. तिथं दर पुस्तकात एकच ओळ असते — अक्षरजुळणी व छपाई, मच्छिंद्र. यात दोन ओळी होत्या. अक्षरजुळणी, शालन. छपाई, मच्छिंद्र. मी सवयीनं लाल गोल केला होता. त्यावर तिचं — "राहू द्या."

पीडीएफ आहे. तशीही हलवता आली नसती.

२६ मार्च

सकाळी नऊला छपाई सुरू. शेवटचं पान आहे तसं.

अकराच्या सुमारास राधाकृष्ण टोनर घेऊन आला. शालन कागदवाल्याकडं गेली होती. पुढच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून हळूच म्हणाला, "काका, पासवर्ड लागतच नाही. काकू यायच्या आत करतो. फोल्डरचा मालक बदलायचा, त्यांच्या जागी तुमचं नाव. वीस मिनिटं. बाराशे."

नको म्हणालो.