उघड्या दाराचा ध्वज

हुइत्तिनेन, ३ ऑक्टोबर १९८२

चि. तोर्स्ती यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बातमी पेपरात आधीच वाचली होती, त्यामुळे धक्का बसायचा राहून गेला. कुणाच्या गोठ्यात जाणार नाही असं जन्मभर सांगणारा आपला मुक्तमती पक्ष शेवटी शेतकरी पक्षाच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला, आणि दावं धरून नेणारा चिटणीस माझा सख्खा भाऊ. हे विलीनीकरण नाही, सहकार्य आहे, असं तू लिहितोस. डेअरीत बायकांनी मला फरक विचारला. मी म्हटलं, मांजराच्या पोटात गेलेला उंदीर त्याला सहकार्यच म्हणत असणार.

रविवारी सौनातलं वाफेचं न्हाण झाल्यावर बाबांना सांगितलं. शहाऐंशीव्या वर्षीही ते अंग पुसताना कुणाची मदत घेत नाहीत. पुसून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की ध्वज कुठे आहे. बोळातल्या कपाटात, मी म्हटलं. ते म्हणाले, माझ्या कबरीवर तो एकदा झुकवा, मग त्याचं काय करायचं ते करा. पक्षाकडून फुलं नकोत, भाषण नको. एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात आपल्याकडे मागितली आहे.

आणि तू तोच ध्वज समारंभासाठी हेलसिंकीला मागतोस. आईने तो शिवला त्या हिवाळ्यात तू सहा वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. निळं रेशीम, त्यावर पिवळ्या धाग्याचं उघडं दार. शिवताना तिने बाबांना विचारलं होतं, की हे दार आत येणाऱ्यांसाठी की बाहेर जाणाऱ्यांसाठी. बाबांना राग आला होता. मग ध्वज दांड्याला ठोकायचा सोहळा झाला, एकेकाने कापडाच्या कडेला एकेक खिळा ठोकायचा. पक्ष बाबांनी काढलेला, म्हणून पहिला खिळा त्यांचा, दुसरा आईचा, मी दहा वर्षांची, माझा वाकडा गेला. पुढे युद्धानंतर औषधवाल्या मॅन्निक्कोने ठोकला, तो आता परंपरावाद्यांकडे आहे. डेअरीच्या युलितालोने ठोकला, तो शेतकरी पक्षात. आईचा प्रश्न बरोबर होता. बाहेर जाणाऱ्यांसाठी.

तरीही ध्वज बसने पाठवते आहे, कारण बाबा म्हणाले, तो पक्षाचा आहे, द्यायलाच हवा. समारंभ झाला की परत पाठव.

लोभ आहे. तो वाढवण्यासारखं सध्या तू काही केलेलं नाहीस.

तुझी,
सायमी


हेलसिंकी, २८ नोव्हेंबर १९८२

ती. सायमीताईस,
शि. सा. न. वि. वि.

उंदराबद्दलचा विनोद मी कार्यालयात सांगितला नाही. ताई, बाजारपेठेच्या गावात बसून नाक मुरडणं सोपं असतं. तू पक्षाची सदस्यही नाहीस. आपले खासदार अकरांवरून चारांवर आले. पुढच्या खेपेला आणखी खाली गेलो, तर राजीनाम्याचा मजकूर लिहायलाही माणूस मिळायचा नाही. शेतकरी पक्षाने त्यांच्या उमेदवारांच्या यादीत आपल्याला चांगल्या जागा कबूल केल्या आहेत.

समारंभ झाला. स्नेहाचं चिन्ह म्हणून त्यांच्या अध्यक्षांनी आपल्या ध्वजाला खिळा ठोकायचा, अशी कल्पना निघाली. (माझीच.) पण कापडाच्या कडेला जागा नव्हती, म्हणून खाली, हाताने धरतो तिथे ठोकायचं ठरलं. गृहस्थ धिप्पाड आहेत, घरचे बैल स्वतः पकडतात. त्यांनी एकाच ठोक्यात खिळा घातला आणि दांड्याला चीर गेली. टाळ्या वाजत होत्या, त्यामुळे आवाज मला एकट्याला आला. दुसऱ्या दिवशी तिथे पितळेची पट्टी बसवून घेतली. बाबांना सांगू नकोस.

ध्वज सध्या त्यांच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवायचा आहे. लगेच परत मागितला तर वाईट दिसेल.

तू पाठवलेला दालचिनीचा पाव ओला निघाला, पण खाल्ला. इतका राग असताना भट्टी लावलीस, यावरूनच काय ते कळलं.

आपला,
तोर्स्ती


हुइत्तिनेन, २४ मार्च १९८३

चि. तोर्स्ती यास,
अ. उ. आ.

एकही नाही. चांगल्या जागांवरून एकही निवडून आला नाही. ज्यांना शेतकरी पक्ष हवा होता त्यांनी शेतकरी निवडले. ज्यांना तुम्ही हवे होतात त्यांना तुम्ही सापडला नाहीत.

तुमचा इथला उमेदवार, तो संगीताचा मास्तर, बाजारात शेतकरी पक्षाच्या तंबूत वाटाण्याचं सूप वाढत उभा होता. लोक त्याला खताचा भाव विचारत होते. तो नागरी स्वातंत्र्याबद्दल सांगू लागला की लोक वाडगा पुढे करत, अजून थोडं घाला म्हणत. मी पण दोनदा घेतलं. सूप चांगलं होतं.

दांड्याचं मी बाबांना सांगितलं. मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही, तो तुमच्या कार्यालयाचा प्रांत. ते म्हणाले, लाकूड चांगलं वाळलेलं असलं की खोटं सोसत नाही. मग म्हणाले, कापडाच्या कडेला एक जागा होती, आईच्या आणि सायमीच्या खिळ्यामधली, ती कुठे गेली? ती आईने तुझ्यासाठी सोडली होती, तुझ्या हातात हातोडी पेलेल तेव्हासाठी. तू ती कधी वापरली नाहीस. खासदार झालो की ठोकीन, असं म्हणायचास.

ध्वज परत पाठव. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

सायमी


हेलसिंकी, १४ सप्टेंबर १९८६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला हसायचं असेल तर खुर्चीत बसून घे. आम्ही बाहेर पडलो. मुक्तमती पक्ष पुन्हा स्वतंत्र आहे. कार्यालय चांभाराच्या दुकानामागच्या एका खोलीत आहे. गोंदाचा वास येतो, पण उबदार आहे. वार्षिक सभेला जेवढे आलो त्यांना चांभाराच्या खुर्च्या पुरल्या.

ध्वज आणायला गेलो तर काचेच्या कपाटात त्यांच्या स्कीइंगचे करंडक. ध्वज कोठाराच्या खोलीत सापडला, बटाट्याच्या हमीभावाच्या पोस्टरांमागे. तिथल्या मुलीने विचारलं, हा एखाद्या हॉटेलचा का? मी हो म्हटलं. समजावत बसायला बळ नव्हतं.

तू जागेबद्दल लिहिलं होतंस, त्याला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. जागा होती. त्यांच्या अध्यक्षांनी बोटही ठेवलं होतं तिथे. मी म्हटलं, तिथलं रेशीम कुजलंय, खिळा धरणार नाही. आणि खाली बोट दाखवलं. बाकी सगळं दिलं, ताई, तेवढं दिलं नाही.

पुढच्या वर्षी निवडणूक आहे. बाबा एखादा शब्द बोलले तर लिही, वाईट असला तरी.

आपला,
तोर्स्ती


हुइत्तिनेन, ५ एप्रिल १९८७

चि. तोर्स्ती यास,
अ. उ. आ.

पुन्हा एकही नाही. यात आता बातमी म्हणण्यासारखं काही राहिलेलं नाही. लागोपाठ दोनदा भोपळा, म्हणजे पक्षांच्या सरकारी नोंदवहीतून आपलं नाव काढणार, आणि परत घालायचं तर पाच हजार सह्या आणाव्या लागणार. माझ्याकडे येऊ नकोस. मी चांगल्या कामांसाठीही सही करत नाही.

बाबा खचलेत. पायांना सूज आहे, जेवण थोडं. शब्द मागितला होतास, तर ऐक: ध्वज आणा, पण पक्ष सोडून गेलेल्या कुणाचा हात त्याला लागता कामा नये. मी म्हटलं, मग धरणार कोण? न गेलेला एकच, तोर्स्ती. आणि तोही सगळा पक्ष काखेत घेऊन जाऊन आला. त्यावर बाबा हसले. हसताना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. या वर्षात पहिल्यांदा हसले.

मला माणसं जगवता येत नाहीत, तुम्हाला पक्ष जगवता येत नाही तसंच. पण दिलेला शब्द पाळता येतो. नाताळपर्यंत ध्वज घेऊन ये. पितळेची पट्टी चमकवून आण, म्हणजे ती मुद्दाम लावली आहे असं वाटेल.

माझा लोभ गृहीत धरू नकोस, पण असतो.

सायमी


हुइत्तिनेन, २१ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना पुरायला नेण्याच्या आदल्या दिवशी तू बर्फावर घसरावंस, ही शिस्त तुलाच जमते. इस्पितळात पाय टांगून पडली आहेस म्हणून हे लिहितो. फोनवर सांगता येणार नाही.

ध्वजाच्या दोन बाजूंना दोन रक्षक लागतात, नाहीतर तो नुसता काठीला बांधलेला कपडा. हेलसिंकीत दोघांना विचारलं होतं. एकाला फ्लू झाला, दुसरा कॅनरी बेटांवर उन्हात आहे. पक्षाध्यक्षांची तार आली, तीत बाबांचं नाव चुकलं होतं. मी एकटाच दांडा घेऊन चर्चच्या अंगणात गेलो, तर फाटकाशी मॅन्निक्को आणि युलितालो. काळे कोट, पांढरे हातमोजे. दोघांचं मिळून वय दीडशेच्या वर. मी त्यांना बाबांची अट सांगितली. मॅन्निक्को म्हणाला, अट मान्य आहे, हवं तर म्हाताऱ्याने उठून आम्हाला हाकलावं. युलितालोने नुसते हातमोजे ओढून घट्ट केले. ध्वजाला त्यांनी हात लावला नाही, नुसते शेजारी उभे राहिले. अट मोडली नाही, ताई.

थंडी भयंकर होती. डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गोठत होतं, त्यामुळे कोण रडलं ते कळलं नाही. हारांच्या फितींवरचे मजकूर वाचून झाले, शवपेटी खाली गेली. मी ध्वज झुकवला. कड असा आवाज आला. पट्टीजवळ दांडा तुटला आणि ध्वज कबरीत गेला.

पेटीवर तो पुरा उलगडून पसरला. दार वर.

पाद्री भजनाच्या पुस्तकात बघू लागला. खड्डा खणणाऱ्याने हळूच विचारलं, हूक आणू का. मी मॅन्निक्कोकडे पाहिलं, मॅन्निक्कोने युलितालोकडे. आम्ही चाळीस वर्षं असेच एकमेकांकडे बघत आलो आणि मग समिती नेमली. या वेळी ते दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, राहू दे. तेव्हा युलितालोने टोपी काढली आणि पहिली मूठ माती त्याने टाकली.

कापडाबरोबर वरचा दांडा गेला आणि सगळे खिळे गेले. बाबांचा, आईचा, तुझा वाकडा, त्या दोघांचेही. माझ्या हातात उरली ती दांड्याची खालची मूठ. तिला एकच खिळा आहे. कुणाचा, ते तुला सांगायला नको. ती मी कॉफीच्या वेळीही हातात धरून बसलो होतो. तुझ्या शेजारणीने काठी कधीपासून लागली म्हणून विचारलं.

पुढच्या महिन्यात सभा आहे. ध्वजाचं काय झालं म्हणून विचारतील. काय सांगू?

आपला,
तोर्स्ती


पोरी, इस्पितळ, २६ फेब्रुवारी १९८८

चि. तोर्स्ती यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं मी रडते आहे, तिने नर्सला बोलावलं. हसत होते, हे सांगायला मला वेळ लागला.

सभेत सांग, की ध्वज संस्थापकांनी परत घेतला. तुमच्या इतिहासात कुणी काही परत घेतल्याची ही पहिलीच वेळ. नोंदवहीतून नाव काढायला सरकारला दोन निवडणुका लागतात. बाबांनी काम एका सकाळी उरकलं.

एकदाच झुकवा म्हणाले होते, एकदाच झुकला. आईचं रेशीम त्यांच्यावर आहे. ती गेल्यापासून पस्तीस वर्षं ती तिकडे मातीत आणि ते इकडे बोळातल्या कपाटाला किल्ली लावत बसलेले. तुझी जागा रिकामी खाली गेली, आईच्या आणि माझ्या खिळ्यामधली. ती शेवटपर्यंत कुणाला मिळाली नाही. हे तू केलंस. बाकीच्या तुझ्या कारकिर्दीबद्दल मी बोलत नाही.

राहू दे म्हणालास, तेही समिती न नेमता. बाबांनी ऐकलं असतं तर विचारलं असतं, हा कोण.

गुरुवारी मला घरी सोडणार आहेत. शनिवारी ये. मला पायऱ्या चढवत नाहीत, तेव्हा सौना तुलाच तापवावी लागेल. ती मूठ घेऊन ये. पन्नास वर्षं वाळलेलं बर्च आहे, छान पेटेल. फक्त खिळा आधी उपटून टाक. खिळ्याचं लाकूड बाबा सौनाच्या चुलीत घालू देत नसत.

पाव भाजता येणार नाही, येताना विकतचा आण. तुझ्यावर लोभ आहे, तो होता तेवढाच आहे.

तुझी,
सायमी